भागाकाराचा लॉग आणि लॉगांचा भागाकार

लॉग (म ÷ न) आणि लॉग म ÷ लॉग न या दोन राशी वहीत घाईघाईने उतरवल्या की जवळजवळ सारख्याच दिसतात. पण पहिलीत भागाकार आधी करून त्याचा लॉग घ्यायचा असतो, तर दुसरीत दोन्ही लॉग आधी काढून मग एकाला दुसऱ्याने भागायचे असते. विस्ताराचा नियम फक्त पहिलीला लागू पडतो: लॉग (म ÷ न) = लॉग म − लॉग न. लॉग म्हणजे मुळात घातांकच (ठरवलेल्या संख्येचा, म्हणजे पायाचा, कितवा घात घेतला की दिलेली संख्या मिळते तो), आणि पाया समान असताना भागाकार केला की घातांकांची वजाबाकी होते, एवढेच त्यामागचे कारण आहे. पाया १० धरून १००० ला १० ने भागले, तर येणाऱ्या १०० चा लॉग २, म्हणजेच ३ − १. लॉग १००० ला लॉग १० ने भागले, तर मात्र ३ उरतात. फळ्यावर १०,००० आणि १०० ही जोडी घेणे शिक्षकांनी टाळलेले बरे, कारण ४ − २ आणि ४ ÷ २ या दोहोंचे उत्तर २ येते आणि चुकीच्या रीतीलाही बरोबरची खूण मिळून जाते.

दुसऱ्या राशीत वजाबाकीला शिरकाव नाही. लॉग (१००क ÷ ख) चा विस्तार २ + लॉग क − लॉग ख असा पूर्ण होतो, पण लॉग (१००क) ÷ लॉग ख मध्ये केवळ अंश उलगडतो आणि (२ + लॉग क) ÷ लॉग ख येथेच थांबावे लागते.

ही राशी निरुपयोगी मात्र नाही. ते पाया बदलण्याचे सूत्र आहे आणि न चा कितवा घात म इतका होतो, हे ती सांगते. म्हणूनच लॉग ८ ÷ लॉग २ चे उत्तर पाया २ असो वा १०, ३ च राहते, तर लॉग (८ ÷ २) ची किंमत पाया २ असताना २ आणि १० असताना सुमारे ०.६०२१ होते. द.सा.द.शे. ८ चक्रवाढ दराने मुद्दल दुप्पट व्हायला लागणारी वर्षे काढायची असतील, तर लॉग २ ÷ लॉग १.०८, म्हणजे ०.३०१० ÷ ०.०३३४, असा भागाकारच करावा लागतो आणि उत्तर सुमारे ९ वर्षे येते. येथे वजाबाकी केली, तर हाती येणाऱ्या ०.२६७६ चा वर्षांशी काहीही संबंध नसतो.

पहिलीचा विस्तार करायला आणि दुसरी राशी मांडायलाही म आणि न धन असणे आवश्यक आहे. न = १ असेल, तर पहिली राशी निमूटपणे लॉग म होते, दुसरीच्या छेदात मात्र शून्य येते.