गुरं कुठं बसतात, यावर बरंच ठरतं

इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरांवर डांगी गुरं भर पावसात दिवसभर चरतात. या जातीची कातडी तेलकट असते, त्यामुळे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या घरातला पाऊसही त्यांना बाधत नाही. गाय ढेकर देते आणि त्यातून मिथेन बाहेर पडतो, हे आता बहुतेकांच्या कानावर आलेलं आहे. एका देशी गाईचा हिशोब वर्षाला साधारण 25 ते 50 किलो मिथेनचा. पण तिच्या खुरांखालची जमीनसुद्धा वायू सोडते, काही शोषूनही घेते. मला ही दुसरी बाजू जास्त रंजक वाटते, कारण तिथं गुरं किती आहेत यापेक्षा ती कधी आणि कुठं उभी राहतात याला महत्त्व येतं.

गाय एका वेळी दोनेक लीटर मूत्र टाकते आणि ते हातभर रुंद जागेत मुरतं. भरपूर कोवळा चारा मिळालेल्या गाईच्या बाबतीत त्या ठिपक्यात पडलेला नत्र हेक्टरी मोजला, तर आकडा 500 किलोंच्या पुढे जातो. निफाड-चांदवडकडे कांद्याला शिफारस असते हेक्टरी 100 किलोंची! एवढा नत्र गवताला उचलवत नाही. मूत्रातल्या युरियाचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. पुढे पाऊस लागून राहिला आणि मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की प्राणवायू संपतो. मग दुसरे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरू लागतात. या दोन्ही टप्प्यांवर थोडा नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन निसटतो. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवणारा. ओल्या हवामानात गुरांच्या शेण-मूत्रातल्या नत्रापैकी सरासरी 0.6 टक्के नत्र असा जातो, असं हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीचं 2019 चं मार्गदर्शन सांगतं. कोरड्या प्रदेशासाठी आकडा 0.2 टक्के, म्हणजे एक तृतीयांशच.

आता हे सह्याद्रीला लावून बघा. आषाढात गवत कोवळं असतं, त्यात प्रथिनं भरपूर, म्हणून मूत्रात नत्रही जास्त. आणि नेमकी तेव्हाच जमीन चिंब असते. दिवाळीनंतर शेडा, पवन्या ही गवतं वाळून काड्या होतात. असा निकस चारा खाल्ला की नत्राचा मोठा वाटा शेणातून बाहेर पडतो, आणि शेणातला नत्र सावकाश सुटतो. शिवाय माती कोरडी. त्यामुळे मार्च-एप्रिलच्या रखरखत्या माळावर चरणारी गाय नायट्रस ऑक्साइडच्या बाबतीत बऱ्यापैकी निरुपद्रवी. अर्थात त्याच महिन्यांत गवत मुळापासून ओरबाडलं जातं, ते नुकसान वेगळं.

खुरांचा परिणाम वेगळ्या वाटेनं होतो. भुसभुशीत मातीत मिथेन खाऊन जगणारे जिवाणू असतात. हवेतला मिथेन त्यांच्यापर्यंत पोचायला मातीला छिद्रं हवीत. ओल्या जमिनीवर गुरांची ये-जा झाली की ती दाबली जाते आणि हे शोषण मंदावतं. तरी भाबडेपणा नको. गवताळ जमीन हेक्टरी वर्षाला दोन-चार किलोच मिथेन शोषते. एका गाईच्या ढेकरांपुढे ते कुठेच नाही.

चराईनं वायू वाढतातच, असंही नाही. 2010 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात चीनच्या इनर मंगोलियातल्या स्टेपी कुरणांवर उलटं चित्र दिसलं. न चरलेल्या उंच गवतात बर्फ साठून राहतो, त्याखालची जमीन तुलनेनं उबदार आणि ओली राहते, आणि वसंतात बर्फ वितळताना नायट्रस ऑक्साइडचा मोठा लोट उठतो. चरलेल्या कुरणात तो कमी. पण हा निष्कर्ष उचलून साल्हेरच्या उतारावर आणता येणार नाही. आपल्याकडे बर्फच नाही. आपल्याकडचा लोट वळवाच्या सरीबरोबर येतो. सुकलेली माती एकदम भिजली की जिवाणू जागे होतात आणि कार्बन डायऑक्साइडचा झोत बाहेर पडतो. 1958 मध्ये मृदाशास्त्रज्ञ बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करून हे मांडलं आणि त्यांचंच नाव या परिणामाला मिळालं.

मोजमाप करणारे लोक जमिनीत एक कडं ठोकतात, त्यावर बिनबुडाची पेटी पालथी घालतात आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी सिरिंजनं आतली हवा काढून घेतात. कडं मूत्राच्या ठिपक्यावर बसलं तर एक आकडा, हातभर बाजूला बसलं तर भलताच दुसरा. डोंगरावर हा फरक आणखी वाढतो, कारण गुरं उतारभर चरतात पण दुपारी बसतात गोठणीवर किंवा पाणवठ्याकाठी, रात्री वाड्यात. डोंगरभरचा नत्र त्या दोन-तीन जागी गोळा होतो, आणि पाणवठ्याची माती तर कायम ओली.

म्हणूनच चराईबंदीचा हिशोब नुसता उताराकडे बघून करू नये. उतारावर बहुवर्षायू गवत परततं, मुळं खोल जातात, धूप थांबते, मातीत कार्बन साठू लागतो. पण गुरं विकली नसतील, तर ती खालच्या नाल्याकाठी दाटीनं उभी असतात. याउलट मेंढपाळ सुगीनंतर कांद्याच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवतात आणि दर रात्री जागा बदलतात. वायू तिथूनही सुटतो, पण नत्र पातळ पसरतो, जमीन कोरडी असते, आणि पुढच्या पिकाला युरियाची एखादी गोणी कमी लागते.