हजेरीपट दाखवा: माहिती अधिकाराची पार्श्वभूमी

माहितीच्या अधिकाराची गोष्ट मजुरीपासून सुरू होते. १९८० च्या दशकात राजस्थानातल्या दुष्काळी कामांवर राबणाऱ्यांच्या हाती किमान मजुरीही पडत नसे. जाब विचारला की ‘तुमचं काम तेवढंच भरलं, हजेरीपटात तशी नोंद आहे’ असं सांगितलं जाई. तो हजेरीपट मात्र कुणाला दाखवत नसत. १९२३ चा इंग्रजांचा शासकीय गुपिते कायदा आडवा यायचा. घाम गाळणाऱ्यालाच त्याच्या घामाचा हिशेब बंद!

१ मे १९९० ला तिथल्या मजूर-शेतकऱ्यांचं मजदूर किसान शक्ती संघटन उभं राहिलं. डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना गावात पहिली जनसुनवाई झाली. कामांच्या नोंदी भर सभेत वाचल्या गेल्या आणि आपण कधी केलंच नाही त्या कामावर आपलं नाव कसं, असं लोक उठून विचारू लागले. १९९६ मध्ये राजस्थानातल्याच ब्यावरला ४० दिवस धरणं चाललं. घोषणा होती, ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’.

महाराष्ट्राच्या २००२ च्या माहिती अधिकार कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळायला २००३ चा ऑगस्ट उजाडला. त्यासाठी अण्णा हजारेंना आझाद मैदानात उपोषणाला बसावं लागलं. १२ ऑक्टोबर २००५ पासून जम्मू-काश्मीर वगळता देशभर केंद्राचा माहिती अधिकार कायदा लागू झाला. साधी माहिती ३० दिवसांत, पण जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. मला या कायद्यातली ही तरतूद सगळ्यात मोलाची वाटते.

विचारणाऱ्यांनी याची किंमतही मोजली. जमीन गैरव्यवहार उघड करणारे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० ला तळेगाव दाभाडेत भररस्त्यात खून झाला. गैरप्रकार उघड करणाऱ्या जागल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, तो अंमलात आलाच नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने, माहिती नाकारल्यावर अपील ऐकणाऱ्या माहिती आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवणं केंद्र सरकारच्या हाती गेलं. नियमांत मुदत पाचावरून तीन वर्षांवर आली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातलं वैयक्तिक माहितीविषयीचं कलम ८(१)(ञ) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहितीही व्यापक जनहितासाठी द्यावी, असं त्या कलमातच होतं. ते शब्द गेले. कलम ८(२) मध्ये जनहिताचा आधार शिल्लक आहे, असं सरकार सांगतं. पण नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला आता ‘वैयक्तिक माहिती’ हे दोन शब्द पुरेसे आहेत.

हजेरीपटावर तरी काय असतं? माणसांची नावं आणि त्यांना दिलेले पैसे. कोटकिरानात खोट्या नोंदी पकडल्या गेल्या, त्या ही नावं मोठ्याने वाचली म्हणूनच.