लेओश यानाचेक

लेओश यानाचेक (३ जुलै १८५४ – १२ ऑगस्ट १९२८) हा चेक संगीतकार. चेक संगीत म्हटलं की स्मेताना, द्वोर्झाक आणि यानाचेक ही तीन नावं येतात, त्यातला हा तिसरा आणि माझ्या मते सगळ्यात वेगळा. पहिले दोघं बोहेमियाचे, म्हणजे प्रागच्या बाजूचे, आणि हा पूर्वेकडच्या मोराव्हियाचा. त्याची सगळ्यात मोठी कामं साठीनंतरची आहेत, ज्या वयात लोक रिटायर होतात त्या वयात याने एकामागून एक ऑपेरा (संवादही गाऊनच म्हणायची नाटकं) लिहिले. आणि हे सगळं ज्या एका सवयीतून आलं ती सवय म्हणजे माणसं बोलतात कशी ते कान देऊन ऐकायचं आणि तिथल्या तिथे खिशातल्या वहीत सुरांसकट लिहून घ्यायचं.

जन्म हुकवाल्डी नावाच्या खेड्यातला, वर डोंगरावर पडका किल्ला आणि खाली गाव. वडील शाळामास्तर आणि चर्चमधले ऑर्गनवादक, घरात भरपूर भावंडं आणि पैशाची कायम ओढाताण. त्यामुळे १८६५ मध्ये अकरा वर्षांच्या पोराला ब्रनो शहरातल्या ऑगस्टिनियन मठात पाठवलं, तिथे गाणाऱ्या मुलांची राहण्या-जेवणाची आणि शिक्षणाची सोय व्हायची. पुढच्याच वर्षी वडील गेले. या मठात क्रिझकोव्हस्की नावाचे संगीतकार त्याचे गुरू होते, आणि त्याच मठात तेव्हा ग्रेगोर मेंडेल राहत होता, वाटाण्याच्या झाडांवरून आनुवंशिकता शोधणारा तोच मेंडेल! त्याने आपले प्रयोग ब्रनोतल्या सभेत मांडले ते वर्षसुद्धा १८६५.

नंतर १८७४ ला प्रागच्या ऑर्गन स्कूलमध्ये गेला तेव्हा पियानो भाड्याने घ्यायलाही पैसे नव्हते, म्हणून टेबलावर पट्ट्या काढल्या आणि त्या लाकडावर बोटं चालवून रियाज केला. पुढे लाइप्झिग आणि व्हिएन्नालाही थोडं थोडं शिकला पण मन ब्रनोतच. १८८१ मध्ये त्याने ब्रनोत स्वतःचं ऑर्गन स्कूल काढलं आणि १९१९ मध्ये त्याचं कॉन्झर्व्हेटरीत (संगीत महाविद्यालयात) रूपांतर होईपर्यंत तोच ते चालवत होता. १८८१ मध्येच लग्नही केलं, नवरी त्याची पियानोची विद्यार्थिनी झ्देंका शुल्झ, वय सोळा पूर्ण व्हायला काही दिवस बाकी. तिच्या घरी जर्मन बोललं जायचं आणि हा कडवा चेक अभिमानी, जर्मनचा तिटकारा करणारा. संसार सुखाचा झाला नाही, आणि त्याची किंमत जास्त करून झ्देंकाने मोजली असं मला वाटतं.

द्वोर्झाकशी त्याची चांगली मैत्री होती, १८७७ मध्ये दोघं मिळून बोहेमियात पायी भटकलेही होते, आणि सुरुवातीचं यानाचेकचं संगीत ऐकलं तर द्वोर्झाकची छाप लगेच कळते. ती छाप पुसली गेली ती लोकगीतांमुळे. १८८०च्या दशकाच्या शेवटी फ्रांतिशेक बार्तोश या अभ्यासकाबरोबर तो मोराव्हियातल्या गावागावांत गाणी गोळा करायला लागला, नंतर तर एडिसनचा फोनोग्राफ घेऊन खेड्यातल्या बायाबापड्यांचे आवाज मेणाच्या नळ्यांवर रेकॉर्डही केले. हे करता करता त्याच्या लक्षात आलं की गाण्याची चाल त्या भागातल्या बोलण्यातूनच निघते.

इथून सुरू झाल्या त्याच्या "बोलण्यातल्या सुरावटी". साधारण १८९७ पासून मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षं, त्याने हे केलं. बाजारातल्या बायका, स्टेशनवरची माणसं, रस्त्यात खेळणारी पोरं, कोण काय बोललं ते वरच्या-खालच्या सुरांसकट लिहायचं, सोबत तारीख, जागा, कधीकधी हवा कशी होती तेही. कोंबड्या, कुत्री, वाहतं पाणी, काहीच सोडलं नाही. आता आपल्याकडे "बरं" एवढाच शब्द घ्या. आईने समजूत घालताना म्हटलेलं बरं, फोन ठेवताना घाईत म्हटलेलं बरं, भांडणात दात खाऊन म्हटलेलं "बरं!", शब्द एकच पण चाल प्रत्येक वेळी वेगळी, आणि माणसाच्या मनात काय चाललंय ते त्या चालीत कळतं, शब्दात नाही. यानाचेकचं म्हणणं नेमकं हेच होतं, की या छोट्या सुरावटी म्हणजे आत डोकवायच्या खिडक्या आहेत. नंतर तर त्याने हिप क्रोनोस्कोप नावाचं सेकंदाचे बारीक भाग मोजणारं यंत्र वापरून बोलण्याची लांबीही मोजली. मात्र बरेच जण समजतात तसं त्याने वहीतली वाक्यं उचलून ऑपेरात चिकटवली नाहीत, वह्या हा त्याच्या कानाचा रियाज होता, पात्राने अमुक प्रसंगी कसं बोलावं हे त्यातून त्याला आतून कळायला लागलं.

या रियाजाचं पहिलं मोठं फळ म्हणजे येनुफा. गाब्रिएला प्रेइसोव्हा या लेखिकेच्या नाटकावरचा हा ऑपेरा, मोराव्हियन खेड्यातली गोष्ट. लग्नाआधी येनुफाला मूल होतं, तिची सावत्र आई गावातली मानाची धार्मिक बाई, ती अब्रूपायी ते तान्हं मूल बर्फाखालच्या पाण्यात बुडवते, आणि वसंतात बर्फ वितळल्यावर सगळं उघडं पडतं. ऑपेराला तेव्हा बहुतेक वेळा पद्यच लागायचं, याने नाटकातलं गद्य तसंच घेतलं, कारण लोक गद्यातच बोलतात. हे काम जवळजवळ नऊ वर्षं चाललं.

आणि त्याच काळात घरात काय चाललं होतं ते बघा. धाकटा मुलगा व्लादिमीर १८९० मध्येच दोन वर्षांचा असताना गेला होता. उरलेली एकुलती एक मुलगी ओल्गा, वडिलांसारखीच रशियन भाषेची वेडी, १९०२ मध्ये काकांकडे सेंट पीटर्सबर्गला गेली आणि तिथे तिला टायफॉइड झाला. तिला परत ब्रनोला आणलं पण ती उठली नाही. झ्देंकाने आठवणींत लिहून ठेवलंय की ओल्गाने वडिलांना सांगितलं, मला येनुफा वाजवून दाखवा, मी काही तो बघायला उरणार नाही, आणि त्याने पियानोवर बसून तो अख्खा ऑपेरा तिला ऐकवला. २६ फेब्रुवारी १९०३ ला ती गेली, वय वीस. तिचे शेवटचे शब्द, शेवटचा उसासा यानाचेकने वहीत स्वरलिपीत लिहिला. काहींना हे क्रूर वाटतं. मला नाही वाटत. ज्या माणसाकडे जपून ठेवायची हीच एक पद्धत होती त्याने लेकीचा आवाज त्याच पद्धतीने जपला. ऑपेरा त्याने पुढच्याच महिन्यात संपवला आणि तिलाच अर्पण केला.

२१ जानेवारी १९०४ ला ब्रनोत येनुफा लागला आणि लोकांनी डोक्यावर घेतला, पण प्राग दार उघडेना. नॅशनल थिएटरच्या ऑपेराचा प्रमुख होता कारेल कोव्हार्झोव्हिट्स, आणि १८८७ मध्ये यानाचेकने त्याच्या एका ऑपेराची जाहीर चिरफाड केली होती, ते तो विसरला नव्हता. बारा वर्षं गेली! शेवटी मित्रांनी मनधरणी केली आणि २६ मे १९१६ ला प्रागमध्ये प्रयोग झाला, तोही कोव्हार्झोव्हिट्सने वाद्यांची रचना बदलून. तेव्हा यानाचेक एकसष्ट वर्षांचा होता. प्रयोग जोरात चालला, माक्स ब्रोडने जर्मन भाषांतर केलं (काफ्काची हस्तलिखितं ज्याने वाचवली तोच हा ब्रोड), १९१८ ला व्हिएन्ना, १९२४ ला न्यूयॉर्क, आणि ब्रनोतला एक संगीतमास्तर म्हातारपणी जगभर माहीत झाला.

मधल्या अंधाऱ्या वर्षांतली एक गोष्ट सांगायलाच हवी. १ ऑक्टोबर १९०५ ला ब्रनोत चेक विद्यापीठाच्या मागणीसाठी मोर्चा निघाला आणि त्यात फ्रांतिशेक पाव्हलीक हा कामगार सैनिकाच्या संगिनीने मारला गेला. यानाचेकने त्यावर पियानो सोनाटा (एकट्या पियानोसाठीची अनेक भागांची रचना) लिहिला, पहिल्या प्रयोगाच्या आधी तिसरा भाग जाळून टाकला आणि नंतर उरलेले दोन भाग व्ल्तावा नदीत फेकून दिले. पण वाजवणाऱ्या लुदमिला तुचकोव्हाने आपल्यासाठी नक्कल करून ठेवली होती, म्हणून १९२४ मध्ये ते दोन भाग छापता आले आणि आज आपण ऐकू शकतो.

१९१७ मध्ये लुहाचोव्हित्से या आरोग्यधामाच्या गावी त्याला कामिला श्टेसलोव्हा भेटली. ती पंचविशीची, लग्न झालेली, दोन मुलांची आई, हा त्रेसष्टचा. त्याने तिला सातशेच्या वर पत्रं लिहिली. तिला संगीतात फारसा रस नव्हता, पण पुढच्या अकरा वर्षांतल्या जवळपास सगळ्या नायिका तिच्याकडे बघून लिहिल्यात, कात्या काबानोव्हा या ऑपेराची (१९२१) तर उघडच, आणि दुसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटचं (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेचं) नावच "खासगी पत्रं" आहे. एकीकडे १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया हा स्वतंत्र देश झाला होता, दुसरीकडे हे वेड, त्यात म्हातारा नुसता पेटून उठला.

याच काळात एक भारतीय धागाही आहे. जून १९२१ मध्ये रवींद्रनाथ टागोर प्रागला आले, यानाचेक व्याख्यानाला जाऊन बसला आणि तिथेही त्याने वही काढून रवींद्रनाथांच्या आवाजातले चढउतार लिहून घेतले, अर्थापेक्षा त्या आवाजानेच तो भारावला होता. पुढच्या वर्षी त्याने त्यांच्या कवितेवर पुरुषांच्या कॉयरसाठी (समूहगायनासाठी) "भटका वेडा" ही रचना केली. परीस शोधत फिरणाऱ्या वेड्याची ती कविता, दगड उचलायचा, साखळीला लावायचा आणि न बघताच फेकायचा, एक दिवस गावातलं पोर विचारतं की कमरेची साखळी सोन्याची कशी झाली, आणि याला आठवतच नाही परीस कधी हातात येऊन गेला. साठी ओलांडून यश पाहिलेल्या माणसाला हीच कविता का भिडली असेल हे वेगळं सांगायला नको.

"धूर्त कोल्हीण" (१९२४) हा ऑपेरा वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेवरून आला, घरातली मोलकरीण ती वाचून हसत होती, यानाचेकने विचारलं काय झालं, आणि तिथून सुरुवात. सिन्फोनिएट्टा ही वाद्यवृंदाची रचना (१९२६) सुरू होते तीच नऊ ट्रंपेटच्या गजराने, आणि नवीन माणसाने इथूनच ऐकायला सुरुवात करावी. त्याच सुमाराला जुन्या स्लाव्ह भाषेतला ग्लागोलिटिक मास (चर्चच्या प्रार्थनेचं संगीत), चेक लेखक कारेल चापेकच्या नाटकावरचा ऑपेरा "माक्रोपुलोस प्रकरण", सगळं दोन-तीन वर्षांत.

ऑगस्ट १९२८ मध्ये कामिला आणि तिचा मुलगा हुकवाल्डीला त्याच्याकडे राहायला आले होते. मुलगा रानात हरवला असं वाटून यानाचेक शोधत फिरला, थंडी बाधली, न्यूमोनिया झाला आणि ओस्त्रावाच्या दवाखान्यात तो वारला. दस्तयेवस्कीच्या तुरुंगातल्या आठवणींवरच्या शेवटच्या ऑपेराचा तिसरा अंक तो अजून तपासत होता. छापील रेघांचा कागद सोडून तो कोऱ्या कागदावर लागतील तेवढ्याच रेघा हाताने ओढायचा, त्यामुळे पानं इतकी मोकळी दिसली की शिष्यांना वाटलं काम अर्धवट राहिलंय, त्यांनी १९३० च्या प्रयोगासाठी वाद्यं भरली, शेवट आशादायक केला. त्याने लिहिलेलं होतं तसंच पुरेसं होतं हे कळायला पुढे कित्येक वर्षं गेली, आणि त्यात चार्ल्स मॅकेरस या कंडक्टरचा वाटा फार मोठा.

अंत्यसंस्काराला ब्रनोत कोल्हिणीच्या ऑपेराचा शेवटचा प्रसंग वाजवला. त्यात म्हातारा वनरक्षक रानात एका बेडकाला पकडतो, त्याला वाटतं हा ऑपेराच्या सुरुवातीला भेटलेलाच बेडूक, तर ते पिल्लू अडखळत सांगतं, तो मी नव्हे, ते माझे आजोबा, ते तुमच्याबद्दल सांगायचे.