शर्यतीचा ग्रेहाउंड घरात राहतो का?

कोल्हापूर-सांगली पट्ट्यात श्वान शर्यतींची हौस आहे, आणि तिच्यासोबत एक समजही फिरतोय: 'शर्यतीचा ग्रेहाउंड घरात टिकत नाही, रोज दहा किलोमीटर पळवला नाही तर घर फाडतो.' हा समज चुकीचा आहे.

ग्रेहाउंड ताशी सुमारे ७० किलोमीटर वेग गाठतो, पण अगदी थोडा वेळ. ट्रॅकवरची ५०० मीटरची शर्यत अर्ध्या मिनिटात आटोपते. एरवी हा गडी दिवसाचा बराचसा वेळ झोपूनच काढतो. रंकाळ्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक फेरी त्याला पुरते. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्येही तो मजेत राहील.

अडचणी वेगळ्याच असतात, आणि त्या कुणी सांगत नाही. केनेलमध्ये वाढलेल्या कुत्र्यानं जिना, काच, गुळगुळीत फरशी पाहिलेलीच नसते. सुरुवातीला तो पायरीपाशी अडून बसेल. पळती गोष्ट दिसली की मागं लागायची खोड मुरलेली असते, म्हणून मांजर, कोंबडी असलेल्या घरात जपून, आणि रस्त्यावर पट्टा कधीच सोडायचा नाही. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, त्यामुळं गादी हवीच. शेवटच्या एक-दोन बरगड्या दिसणं नॉर्मल आहे. 'वाळलाय बिचारा' म्हणून मटण चारत सुटू नका.

साधारण तीन-पाच वर्षांचा असताना तो शर्यतीतून निवृत्त होतो, आयुष्य मात्र दहा-बारा वर्षांचं. ऑपरेशनची वेळ आली तर जात ग्रेहाउंड आहे हे डॉक्टरांना आधी सांगा. काही भुलीच्या औषधांचा अंमल त्याच्यावर जास्त वेळ राहतो.