लर्निंग अॅनालिटिक्स : नापासीची पूर्वसूचना

हजेरी, चाचण्यांचे गुण, असाइनमेंट जमा केल्याच्या तारखा आणि मूडलसारख्या ऑनलाइन अभ्यासाच्या प्रणालीतली लॉगिन यांवरून कोणता विद्यार्थी नापास होण्याच्या वाटेवर आहे, हे परीक्षेआधी ओळखण्याची पद्धत. मागच्या बॅचेसच्या नोंदी आणि निकाल यांचा मेळ घालून संगणक आडाखे बसवतो आणि तेच चालू बॅचला लावतो.

मुंबईच्या कॉलेजांत याचे जुने रूप सगळ्यांना ठाऊक आहे : ७५ टक्के हजेरी न भरलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट. ती नोटीस बोर्डावर लागते तेव्हा सत्र संपत आलेले असते. पालकांना बोलावून हमीपत्र लिहून घेण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. केटी, म्हणजे नापास झालेला विषय पुढे ओढत नेणे, तर निकालानंतरच कळते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इशारा मिळणे, एवढाच या पद्धतीचा खरा फायदा.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे ‘कोर्स सिग्नल्स’ हे गाजलेले उदाहरण. विद्यार्थ्याला लाल, पिवळा किंवा हिरवा दिवा दिसे. हे दिवे असलेले दोन किंवा अधिक कोर्स घेणारे विद्यापीठात जास्त टिकतात, असा दावा झाला. २०१३ मध्ये टीकाकारांनी त्यातली गफलत दाखवली : जो टिकतो, त्याच्या वाट्याला असे कोर्स आपोआपच जास्त येतात.

दुसरी अडचण खोट्या इशाऱ्यांची. समजा, १२० जणांच्या वर्गात १२ जण नापास होणार आहेत. यादीत २० नावे आली आणि त्यांत खरे ९ सापडले, तर ११ जणांना उगाच धास्ती आणि ३ जण निसटलेलेच.

शिवाय यादी ‘कोण’ ते सांगते, ‘का’ ते नाही. बदलापूरहून सकाळी सातच्या लेक्चरला येणाऱ्या मुलीची हजेरी लोकल रखडली की बुडते. रात्री डिलिव्हरीचे काम करणारा मुलगा असाइनमेंट पहाटे अपलोड करतो, तीही मुदत उलटल्यावर. तिघा भावंडांत एकच फोन असलेल्या घरातले लॉगिन कमीच दिसणार. नोट्स मात्र मित्राच्या झेरॉक्सवर पाठ झालेल्या असतात. पाणी तुंबलेल्या दिवसांच्या गैरहजेऱ्या वगळल्या नाहीत, तर जुलैत कर्जत-कसाऱ्याकडची निम्मी मुले लाल दिव्यात जातील. म्हणून यादी हाती आल्यावर मेंटॉर शिक्षकाने एक फोन करावा लागतो, आणि त्यात पहिला प्रश्न गुणांचा नसलेला बरा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते. ज्युनियर कॉलेजची बहुतेक मुले त्यात मोडतात, त्यामुळे तिथे पालकांच्या संमतीचा प्रश्न आधी येतो.