बर्फ पडला की दव गोठलं?

डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे वेण्णा तलावाकाठची पानं, गवत, गाड्यांचे टप पांढरे होतात आणि दुपारपर्यंत फोटो फिरू लागतात: महाबळेश्वरात बर्फ पडला! खरं तर वरून काहीच पडलेलं नसतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पानं आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडत हवेपेक्षाही गार होतात आणि त्यांच्यावरचं दव जागच्या जागी गोठतं. हे हिमकण. बर्फ ढगात तयार होऊन खाली येतो.

दिसायला दोन्ही पांढरे, पण झाडाशी वागणं अगदी उलट. ताज्या बर्फात बहुतेक हवाच कोंडलेली असते, म्हणून तो गोधडीचं काम करतो. बाहेर उणे वीस असलं तरी जाड थराखालची माती शून्याच्या आसपास राहते. हिमकणांची रात्र मात्र उघड्या फुलाला गाठते. अशा रात्रीनंतर स्ट्रॉबेरीचं फूल जवळून पाहा: पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, मधला पिवळा भाग काळाठिक्कर. त्याला फळ धरत नाही.

म्हणूनच डोंगरावरचा बर्फ लवकर वितळला की झाडांना वाढायला जास्त दिवस मिळाले, असं चटकन म्हणू नये. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या गॉथिक इथे, सुमारे २,९०० मीटर उंचीवर, जीवशास्त्रज्ञ डेव्हिड इनोये यांनी १९७३ पासून रानफुलं मोजली. तिथल्या रानटी सूर्यफुलाला बर्फ लवकर गेला की कळ्याही लवकर येतात, पण जूनमधल्या गोठवणाऱ्या रात्री काही मागे सरकलेल्या नाहीत. १९९२ ते १९९८ मध्ये सरासरी ३६.१ टक्के कळ्या गारठून मेल्या. १९९९ ते २००६ मध्ये ७३.९ टक्के. जुनं झाड अनेक वर्षं जगतं, त्यामुळे कुरण हिरवंगारच दिसतं. बी धरलं नाही, नवी रोपं आली नाहीत, हे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

बर्फ फार रेंगाळला तरी सूचिपर्णी रोपांवर काळी बुरशी चढते, हेही खरं.

आग्नेय अलास्कात तर प्रश्न मुळांचा आहे. पिवळा सीडर या सूचिपर्णी झाडाची मुळं ओल्या जमिनीत उथळ पसरतात. वर बर्फ नसेल तर वसंतातली थंडी थेट त्यांना लागते. २ लाख हेक्टरांहून अधिक जंगलात ही झाडं अशी वाळली. त्यांचं लाकूड सहजी कुजत नाही, त्यामुळे वठलेले राखाडी बुंधे कित्येक दशकं तसेच उभे आहेत.