लॅक्टेटला दार कुठे असतं, कुठे नसतं

जिने धावत चढलं की मांड्या भरून येतात आणि कोणीतरी हमखास सांगतं, "लॅक्टिक आम्ल साठलंय." दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचं खापरही त्याच्याच माथी फुटतं. पण व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे या आम्लाचं ऋणभारित रूप, पूर्वपदावर येतं. मग ते जातं कुठे?

ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुव्हेटचे दोन रेणू होतात आणि ऊर्जेची घाई असली की त्यांचं लॅक्टेट बनतं. ते पेशीबाहेर पडणं मात्र सोपं नाही. पेशीचं आवरण स्निग्ध, विद्युतभार असलेल्या कणांना ते दाद देत नाही. आणि पेशीत या आम्लाचा हजारात जेमतेम एक रेणू भाररहित असतो, बाकी सारे ऋणभारित. म्हणून आवरणात खास वाहक प्रथिनं असतात, मोनोकार्बोक्झिलेट ट्रान्स्पोर्टर, थोडक्यात एमसीटी. एक लॅक्टेट आणि सोबत एक प्रोटॉन (आम्लता आणणारा हायड्रोजनचा धनभारित कण), अशी जोडीच ती पलीकडे नेतात. एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्च होत नाही. दाटी कमी असेल तिकडे जोडी सरकते. प्रोटॉनही निघून गेल्याने दमलेल्या स्नायूतली आम्लता उतरते, हा फायदा वेगळाच.

वेगवान स्नायूतंतू एमसीटी-४ या प्रकारच्या वाहकातून लॅक्टेट बाहेर टाकतात. हृदय एमसीटी-१ मधून तेच आत घेतं आणि इंधन म्हणून जाळतं. यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज घडवतं. अशा पदार्थाला कचरा म्हणणं अन्यायच. पायरुव्हेटला मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत, शिरायला आणखी एक वाहक लागतो. तो असणार हे १९७० च्या दशकापासून ठाऊक होतं, पण त्याची प्रथिनं ओळखता आली ती थेट २०१२ मध्ये!

मला सर्वांत नवल वाटतं ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशींचं. रक्तातलं ग्लुकोज वाढलं की इन्सुलिन सोडायचं, हे त्यांचं काम. ग्लुकोज किती जळतंय यावरून त्या अंदाज बांधतात. तिथे एमसीटी-१ चं जनुक जवळजवळ बंद ठेवलेलं असतं. काही मोजक्या माणसांत ते बंद राहत नाही, असं फिनलंडमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात २००७ मध्ये दिसलं. या माणसांनी जोरकस व्यायाम केला की स्नायूंतून आलेलं लॅक्टेट आणि पायरुव्हेट बीटा पेशींत घुसतं. जळणाऱ्या पायरुव्हेटमुळे पेशींना वाटतं ग्लुकोज वाढलं. त्या इन्सुलिन सोडतात आणि ऐन धावपळीत रक्तातली साखर घसरून माणूस बेशुद्धही पडू शकतो.